पंधरावी जागा

“पोरगा जाईल का?” प्रश्न एवढाच असतो. विचारणारा कधी शाळेचा क्रीडाशिक्षक असतो, कधी नागपाड्याच्या मैदानावर संध्याकाळी येऊन बसणारा जुना खेळाडू, कधी न्यू जर्सीत स्थिरावलेला मराठी बाप, ज्याचा मुलगा शाळेच्या संघात सगळ्यांत जास्त गुण करतो. कुठे जाईल, हे सांगावे लागत नाही. बास्केटबॉल खेळणाऱ्यासाठी ‘वर’ म्हणजे अमेरिकेतली एनबीए. आणि उत्तर ऐकायला आलेला माणूस मुलाबद्दलच ऐकायला आलेला असतो: उंची, उडी, नेम, जिद्द.

अर्धे उत्तर मुलापाशी असते, हे खरे. उरलेले अर्धे एका कागदावर असते आणि तो कागद मुलाने बहुधा कधी पाहिलेलाही नसतो. एका संघातल्या पंधरा खेळाडूंची नावे, प्रत्येकाच्या कराराची किती वर्षे उरली आणि त्यातला किती पैसा हमीचा, एवढेच त्यावर असते. होतकरू खेळाडूंच्या पारखीवर जे लिहिले जाते त्यात पहिल्या अर्ध्याची रेलचेल असते आणि या कागदाचा उल्लेखही सापडत नाही. या पुस्तकाचा भर त्या कागदावर आहे.

आधी हिशेब मांडू. एनबीएत ३० संघ. प्रत्येकाकडे मुख्य करारावर जास्तीत जास्त १५ खेळाडू, म्हणजे सगळ्या जगाला मिळून ४५० जागा. २०१७ पासून त्याखाली ‘टू-वे’ नावाचे करार आले. त्यावरचा खेळाडू मुख्य संघ आणि त्याच्या हाताखालचा जी-लीगमधला, म्हणजे एनबीएच्या दुय्यम लीगमधला, संघ यांच्यात ये-जा करतो. सुरुवातीला संघागणिक असे दोन करार होते, २०२३ पासून तीन झाले. दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. त्याच्या दोन फेऱ्या, एकूण ६० निवडी. एखाद्या संघावर दंड म्हणून निवड जप्त झाली तर एक-दोन कमी. आता जुने साठ खेळाडू काही त्याच रात्री निवृत्त होत नाहीत. शिवाय युरोपातून, जी-लीगमधून, दुखापतीतून उठून आलेले वेगळेच. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पहिल्या श्रेणीतच साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, हे लक्षात घेतले की साठात नाव येणे ही किती मोठी गोष्ट आहे ते कळते. आणि साठात नाव आल्यावरही काम पक्के होत नाही, हे मात्र फार थोड्यांना कळते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरीव तक्त्याप्रमाणे असतो आणि पहिल्या दोन वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीत निवड झाली याचा अर्थ एवढाच, की त्या संघाखेरीज एनबीएतल्या दुसऱ्या कोणी त्याच्याशी बोलू नये. पगार द्यायचा की नाही, ते पुढे बघू.

या ‘पुढे बघू’चे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातले आहे. पंजाबात बर्नाला जिल्ह्यात बल्लो के नावाचे गाव आहे. तिथला सतनाम सिंग भामरा दहाएक वर्षांचा असताना लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत आला. २०१० साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या ब्रेडेंटन इथल्या आयएमजी अकादमीत गेला, तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. पाच वर्षांनी, २५ जून २०१५ च्या रात्री, ब्रुकलिनमध्ये ५२व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सने त्याचे नाव घेतले. वय १९, उंची ७ फूट २ इंच, वजन सव्वाशे किलोच्या वर. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतातला तो पहिला खेळाडू. मधे कॉलेज नाही, परदेशातली व्यावसायिक लीग नाही. अकादमीतून थेट ड्राफ्ट. आपल्या वृत्तपत्रांनी ‘सतनाम एनबीएत’ असे मथळे दिले. वृत्तपत्रांना दोष देण्यात अर्थ नाही. ड्राफ्ट आणि जागा यांतला फरक मथळ्यात मावत नाही.

सतनाम एनबीएचा एकही अधिकृत सामना खेळला नाही. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को इथे मॅव्हरिक्सचा दुय्यम संघ आहे, टेक्सस लेजंड्स. तिथे तो दोन मोसम होता आणि तिथेही बहुतेक वेळ बाकावरच. त्या काळी या दुय्यम लीगमधला पगार वर्षाला १३ ते २६ हजार डॉलर होता. एनबीएतल्या नवख्याचा किमान पगार सव्वापाच लाख. पुढे तो कॅनडात न्यूफाउंडलंडच्या संघाकडून खेळला आणि २०२१ मध्ये त्याने व्यावसायिक कुस्तीच्या एका अमेरिकन कंपनीशी करार केला.

ही कहाणी सांगताना लोक दोन टोकांपैकी एक गाठतात. पोरगा कच्चा होता, नुसती उंची होती. किंवा त्याला संधीच दिली नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरे त्या मुलाभोवतीच फिरतात. मला २०१५ च्या त्या उन्हाळ्यातला डॅलसचा कागद जास्त बोलका वाटतो.

जूनमध्ये त्यांचा सेंटर होता टायसन चँडलर. जुलैत तो फीनिक्सला गेला. त्याच्या जागी डीआंड्रे जॉर्डनने तोंडी होकार दिला आणि आठवड्याभरात फिरवला. तो लॉस एंजेलिसलाच राहिला. म्हणजे सतनामला निवडल्यावर दोनच आठवड्यांत त्याच्या संघात नेमकी त्याच्याच मापाची जागा रिकामी पडली होती. एखाद्याच्या नशिबात असावे तरी किती! मग डॅलसने काय केले? मिलवॉकीकडून झाझा पाचुलिया घेतला, जॅव्हेल मॅक्गीला करारबद्ध केले आणि तिसरा आणला तो सलाह मेज्री. हा मेज्री ट्युनिशियाचा. कोणत्याही ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कधी आले नव्हते. वय २९. उंची ७ फूट २ इंच, म्हणजे सतनामएवढीच. रेआल माद्रिदकडून खेळून त्याच वर्षी युरोलीग जिंकून आलेला. तो डॅलसमध्ये चार मोसम टिकला.

दोघेही एकाच संघाचे, एकाच उन्हाळ्यातले आणि एकाच उंचीचे, आणि जागा मिळाली दहा वर्षांनी मोठ्या माणसाला. ड्राफ्टच्या बाजारात एकोणीस वर्षांचे वय ही मोठी जमेची बाजू असते, कारण तिथे पुढची पाच वर्षे विकली जातात. पंधराव्या जागेच्या बाजारात तेच वय अडचण ठरते. बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाने नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, मुख्य सेंटरला चौथा फाउल लागला की उठून सहा मिनिटे चुका न करता खेळायचे असते. मेज्रीला ते येत होते. ‘हा मुलगा किती मोठा होईल’ आणि ‘हा मुलगा संघात राहील का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कधीकधी त्यांची उत्तरे एकमेकांच्या उलट असतात. पारख करणाऱ्यांच्या निम्म्या चुका हे दोन प्रश्न एक धरल्याने होतात, असे माझे मत आहे.

ड्राफ्टच्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. ११ जूनला गोल्डन स्टेट वॉरियर्सने अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात आपला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट बाकावर बसवला, त्याच्या जागी साडेसहा फुटी आंद्रे इगुओदालाला सुरुवातीपासून खेळवले आणि सेंटरचे काम तेवढ्याच उंचीच्या ड्रेमंड ग्रीनवर सोपवले. १-२ अशी मागे पडलेली मालिका त्यांनी ४-२ अशी जिंकली. सगळ्या लीगने पाहिले. रॉय हिबर्ट, ७ फूट २ इंच, २०१४ मध्ये ऑल-स्टार होता. २०१५ च्या जुलैत इंडियानाने त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकले आणि २०१७ नंतर तो एनबीएत दिसला नाही. त्याची उंची काही घटली नव्हती. समोरचे सेंटर बास्केटपासून सात मीटरवर उभे राहून नेम धरू लागले आणि त्यांच्यामागे तिथवर धावत जाणे त्याला जमेना. सतनाम ज्या शिडीच्या खालच्या पायरीवर पाय ठेवत होता तिच्या वरच्या पायऱ्याच निघत होत्या.

इथे एक माहितगार वाचक मला थांबवेल. निकोला योकिचचे काय? बरोबर. योकिच जड, संथ, उडी बेताचीच. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१वा, तोही दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू असताना. डेन्व्हरने त्याला आणखी एक वर्ष सर्बियात खेळू दिले आणि तो एनबीएत आला तो २०१५ च्या त्याच मोसमात, जेव्हा अवजड सेंटरचे दिवस संपले असे सगळे म्हणत होते. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा ‘उंच माणसांचा जमाना गेला’ हे वाक्य जसेच्या तसे घेऊ नये. जागा गेली ती बास्केटखाली पाठ लावून चेंडूची वाट बघणाऱ्याची. योकिच चेंडू हातात घेऊन इतर चौघांना खेळवतो. असे पास देणारा सेंटर जगात दुसरा नव्हता, म्हणून त्याच्यासाठी नवी जागा तयार झाली. अशी जागा स्वतःसाठी घडवून घेणारे दशकात एक-दोघे निघतात. बाकीच्यांना आहे त्या जागेच्या मापाचे व्हावे लागते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. ड्राफ्टच्या आधी शिकागोत जे शिबिर भरते तिथे पाय, हात, बोटे, सगळे मोजले जाते. अनवाणी उंची, हातांचा पसारा, उभ्याने हात वर करून गाठलेली उंची, उडी, कोर्टाच्या चौकटीत दिशा बदलत धावण्याचा वेळ. ८४ किलोची दांडी किती वेळा उचलली हेही बरीच वर्षे मोजत. २००७ मध्ये केव्हिन ड्युरांटला ती एकदाही उचलता आली नाही. तो त्या ड्राफ्टमध्ये दुसरा निवडला गेला आणि २०१४ मध्ये लीगमधला सर्वोत्तम खेळाडू झाला. हा किस्सा मोजमापाची टिंगल करायला वापरतात, पण हातांच्या पसाऱ्याला हसणारा स्काउट मला अजून भेटायचा आहे. बचावात उंचीपेक्षा हात किती पसरतात हे महत्त्वाचे, आणि वयाच्या विसाव्या वर्षानंतर हात काही लांबत नाहीत. दंड मात्र भरतात.

नेमबाजीचे अनुमान हा या विषयातला सर्वांत रंजक भाग, आणि पुढे त्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे. कॉलेजमधला मोसम तीस-पस्तीस सामन्यांचा. त्यात एखादा मुलगा लांबून शंभरएक वेळा चेंडू टाकतो. शंभरात पाच इकडेतिकडे झाले की ‘चांगला नेमबाज’ आणि ‘साधारण नेमबाज’ यांतला फरक पुसला जातो. म्हणून जाणकार फ्री थ्रोकडे बघतात: समोर कोणी नाही, अंतर ठरलेले, घाई नाही, उरतो फक्त हात. कावाय लेनर्ड २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॉलेजातून आला तेव्हा लांबून त्याचे शंभरात तीसही चेंडू जात नव्हते, पण फ्री थ्रो पाऊणशेच्या आसपास होते. चौदा निवडी झाल्या तरी त्याचे नाव आले नाही. पंधराव्या क्रमांकावर इंडियानाने घेऊन त्याच रात्री सॅन अँटोनिओला दिला. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याच्या हाताची ठेवण बदलली आणि पहिल्याच मोसमात लांबून शंभरात सदतीस चेंडू जाऊ लागले. अर्थात फ्री थ्रो चांगले म्हणजे नेम येईलच, असेही नाही. ती खूण आहे, एवढेच.

उन्हाळ्यात लास व्हेगासला जी समर लीग भरते तिच्याबद्दल मात्र मी फार लिहिलेले नाही. ४० मिनिटांचे सामने, सहाच्या जागी दहा फाउलची मुभा, एकमेकांना दोन आठवड्यांपूर्वी भेटलेले पाच जण. तिथे २५ गुण केलेल्या खेळाडूचे नाव ऑक्टोबरात कुठे असते ते शोधून बघा. भारताच्या प्रिन्सपाल सिंगला सॅक्रामेंटोकडून २०२१ ची समर लीग जिंकल्याचा मान आहे. तो मान खराच, पण मुख्य संघाचे दार त्याने उघडले नाही.

तिथे गुण मोजण्यापेक्षा कोण काय करायला तयार आहे ते बघावे. अलेक्स करूसो २०१६ मध्ये टेक्सस ए अँड एम कॉलेजातून निघाला तेव्हा साठांत त्याचे नाव नव्हते. एक मोसम ओक्लाहोमाच्या दुय्यम संघात काढला. २०१७ मध्ये टू-वे करार सुरू झाले आणि त्याच उन्हाळ्यात लेकर्सने त्याला तसा करार दिला. आदल्या वर्षी ती जागा अस्तित्वातच नव्हती. सतनामच्या वेळीही नव्हती. पुढे करूसो २०२० मध्ये लेकर्सबरोबर आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमाबरोबर विजेता ठरला. त्याने एका मुलाखतीत मांडलेला मुद्दा मला या विषयावरच्या जाडजूड अहवालांपेक्षा उपयोगी वाटतो: जी-लीगमधल्या बहुतेकांना आपण कोणत्या नोकरीची मुलाखत देतो आहोत तेच माहीत नसते. तिथला प्रत्येक जण आपापल्या कॉलेजात राजा होता. संघाला मात्र समोरच्या सर्वोत्तम खेळाडूमागे धावणारा, कोपऱ्यात थांबणारा, चेंडू आला तर टाकणारा आणि नाही आला तर कुरकुर न करणारा माणूस हवा असतो. राजेपण सोडायला किती दिवस लागतील, हे कोणत्याही शिबिरात मोजत नाहीत.

ड्राफ्टमध्ये न आलेल्यांची यादी आपल्याकडे सांत्वनासाठी वापरतात. बेन वॉलेस, युडोनिस हॅस्लेम, फ्रेड व्हॅनव्हलीट, जेरेमी लिन. यादी खरी आहे, पण ती उलट्या बाजूने वाचली जाते. जे राहून गेले त्यांची नावेच आपल्यापर्यंत येत नाहीत. आणि प्रत्येकाच्या मागे एक रिकामी झालेली जागा असते. लिनला डिसेंबर २०११ मध्ये आधी गोल्डन स्टेटने आणि पाठोपाठ ह्यूस्टनने काढून टाकले. न्यूयॉर्कने घेतले ते त्यांचा एक गार्ड जखमी झाला म्हणून. ४ फेब्रुवारी २०१२ ला त्याने २५ गुण केले आणि जगाला नाव कळले. लिनची गुणवत्ता डिसेंबरात होती तेवढीच फेब्रुवारीत होती.

जागा कशी उघडते याची एक वेगळी तऱ्हाही नोंदवून ठेवतो. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जचे मालक झाले. २०१५ च्या एप्रिलमध्ये, मोसम हातचा गेलेला असताना, किंग्जने ७ फूट ५ इंच उंचीच्या सिम भुल्लरला दहा दिवसांचा करार दिला. कॅनडात वाढलेला सिम हा एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. सामने तीन, गुण दोन. यात व्यापाराचा हिशेब किती आणि खेळाचा किती, यावर वाद घालता येईल; माझ्या मते दोन्ही होते आणि त्यात गैर काही नाही. चार वर्षांनी हेच किंग्ज वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळायला आले. भारतातले ते पहिले एनबीए सामने. दोन्ही हरले, हे जाता जाता.

आपल्या वाचकाला यातले काय कामाचे? भारतात खेळाडूसाठी ‘जागा’ म्हणजे बहुधा क्रीडा कोट्यातली नोकरी: रेल्वे, सेनादल, पोलीस, बँक. तिथेही चाचणीला चाळीस जण येतात आणि पदे दोन असतात. तिथेही यंदा संघाला गार्ड हवा असेल तर साडेसहा फुटी मुलाने कितीही रिबाउंड घेतले तरी तो घरी जातो. पुण्या-नागपूरच्या प्रशिक्षकांना हे ठाऊक असते आणि ते मुलांना चाचणीआधी विचारतात, की कोण निवृत्त होतंय? मैदानावरचा हा साधा प्रश्न एनबीएच्या बाबतीत मात्र आपण विसरतो आणि थेट व्हिडिओ लावून बसतो. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल चालले आहे हे कळते, तरी निदान गोठ्यात जागा आहे का ते तरी बघावे.

म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक खेळाडूचे टिपण कागदापासून सुरू होते: संघ कोणता, त्याच्या जागेवर कोण, करार कधी संपतो. मग खेळ. शेवटी शक्यता शंभरात किती, असा एक आकडा. ‘जाईल’ किंवा ‘नाही जाणार’ असे कुठेही लिहिलेले नाही. शंभरात वीस म्हटलेल्या पाचांतला एक गेला तर अंदाज बरोबर होता. गेलेला तो एक मात्र मला आयुष्यभर ऐकवणार.

वयावरचे प्रकरण सर्वांत शेवटी आहे, कारण तिथली जमीन हलते आहे. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात आणि २०२५ पासून कॉलेजे त्यांना थेट आपल्या उत्पन्नातला वाटा देऊ लागली आहेत. दुसऱ्या फेरीत बिनहमीची निवड पत्करण्यापेक्षा आणखी एक वर्ष कॉलेजात राहणे आता अनेकांना परवडते, कधीकधी जास्त पैशांत. त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या शेवटी बावीस-तेवीस वर्षांचे, घडलेले खेळाडू वाढत जातील. पन्नासाव्या क्रमांकाच्या पुढे एकोणीस वर्षांच्या कच्च्या उंच मुलावर पैज लावायला संघ किती दिवस तयार राहतील, याचा अंदाज त्या प्रकरणात मांडला आहे.